झुंबरभाऊंचं नेपाळी घोडं

आमच्या विहाराच्या अंकात वस्तीतल्या जुन्या माणसांबद्दल लिहायचं ठरलं, तेव्हा झुंबरभाऊ पगारे यांच्याबद्दल मी लिहावं असं त्यांच्या नातीनं सुचवलं. मी नको म्हणालो. नोकरीत असताना मी जे काही लिहिलं ते रजेचे अर्ज आणि साहेबांनी सांगितलेला मजकूर. स्वतःच्या मनानं लिहायची वेळ आली की माझा हात अडतो. पण ती म्हणाली, "आजोबांची नेपाळची पत्रं तुम्हीच लिहीत होता ना? मग तुम्हाला येतं." तेव्हा आठवेल तसं सांगतो.

झुंबरभाऊंचा टांगा होता. नाशिकरोड स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावर तो उभा असे. बाकीचे टांगेवाले गाडी येईपर्यंत पत्ते खेळत, कोणी झोप काढी. झुंबरभाऊंना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. ते टांग्याभोवती फिरत. पट्टा ओढून बघत, चाकाची खिळी हलवून बघत, पुन्हा पट्टा ओढून बघत. अड्ड्यावरचा गोरक्ष टांगेवाला म्हणायचा, "झुंबर, घोडं थकंना पण तुला बघून मी थकलो. बस की गड्या!" मग ते चाकाच्या आऱ्यावर एक पाय ठेवून उभे राहत आणि तो पाय हलवत राहत.

आम्ही दोघं मालधक्क्याजवळच्या वस्तीत शेजारी राहायचो. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी कारकून म्हणून मला चिडवायला "रावसाहेब" म्हणत.

त्यांचे वडील धोंडिबा हे घोड्यांचे पारखी होते. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कोणता भोवरा शुभ, कोणता अशुभ, याचं मोठं शास्त्र आपल्याकडे सांगतात. गळ्याखाली असला तर देवमण, घरात बरकत. अंगावर केसांची गोम असली तर घोडं घ्यायचं नाही. आणि सगळ्यांत वाईट आसूढाळ. डोळ्याखाली जिथून आसू ओघळतात नेमका तिथं भोवरा असला, तर ते घोडं आसूढाळ. ते ज्याच्या दारात बांधलं त्याच्या घरात रडणं येतं, असं म्हणतात. मोठमोठे लोक घोडं घेण्याआधी धोंडिबांना बोलावत. घोड्याच्या अंगाला हात लावायची त्यांना मुभा होती, मालकाच्या ओट्याला लावायची नव्हती. अंगणात उभं राहून ते भोवरे सांगत आणि अंगणातूनच परत येत. झुंबरभाऊंना लहानपणी ते डोळे मिटायला लावून घोड्याच्या अंगावरून बोटं फिरवायला लावायचे. बोटांना भोवरा कळला पाहिजे, डोळे फसवतात, असं त्यांचं म्हणणं.

छप्पन साली झुंबरभाऊ नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यांनी वडिलांना सांगितलं, "आता मी भोवरे बघणार नाय." धोंडिबा म्हणाले, "देव सोडले ते ठीक. पण घोड्यानं तुझं काय वाकडं केलं?" झुंबरभाऊंनी ऐकलं नाही. पुढं विहारात कोणाला बोलायला सांगितलं की ते उठून एवढंच बोलत, "माणसाचं नशीब घोड्याच्या केसात नसतं." आणि बसत. म्हणजे बसत नसत, बाहेर जाऊन उभे राहत. पण ते वाक्य वस्तीत सगळ्यांना पाठ होतं. आम्ही त्यांना मानायचो ते त्यासाठीच. पोथीतली गोष्ट सोडणं सोपं असतं. पोट ज्याच्यावर चालतं, वडिलांनी बोटांत घालून दिलेलं, ते सोडणं वेगळं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात त्यांची जुनी घोडी गेली. टांगा घराला टेकून उभा राहिला. झुंबरभाऊ घोडं बघायला सिन्नरला गेले, घोटीला गेले, आणि प्रत्येक वेळी तणतणत परत आले. व्यापारी पहिल्यांदा काय करायचे तर त्यांचा हात धरून घोड्याच्या गळ्यावर ठेवायचे. "बघा, देवमण! तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही धोंडिबांचे चिरंजीव." की हे हात झटकून चालू पडायचे.

त्यांची बायको नवसाबाई दारात तांदूळ निवडत असायची. ती म्हणायची, "अवो, हात ठेवला म्हणून काय विटाळ होतो का? घोडं चांगलं असलं तर घ्यायचं."

"हात ठेवला की कळतं ना," झुंबरभाऊ म्हणाले.

"मग कळू द्या."

"कळलं की मग डोक्यातनं जात नाय."

आता विचार करतो तर वाटतं, सगळी गोष्ट त्या एका उत्तरात होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यावर हर्कबहादूर नावाचा नेपाळी राखणदार होता. त्या बंगल्यातल्या माणसांना स्टेशनवर आणणं-नेणं झुंबरभाऊंकडे होतं, त्यामुळे दोघांची ओळख. टांगा बंद पडल्याचं कळलं तेव्हा तो वस्तीत आला आणि म्हणाला, "मेरा जीजा घोडा बेचता है. पाल्पा में. पहाडी घोडा, छोटा, लेकिन लोहा है लोहा."

झुंबरभाऊंनी विचारलं, "नेपाळचं घोडं इथं कसं येणार?"

"जैसे मैं आया. रेल से."

आम्ही हसलो. मग झुंबरभाऊंनी एकदम विचारलं, "तुझ्या मेव्हण्याच्या गावावरनं लुंबिनी किती लांब?"

"लुंबिनी? नीचे है. पहाड उतरो, थोडा चलो."

झुंबरभाऊ उठले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाले, "रावसाहेब, कागद काढ."

मी हिंदीत पत्र लिहिलं. हर्कबहादूरच्या मेव्हण्याचं नाव नरबहादूर. त्याला लिहिता येत नव्हतं, तिकडून गावातला मास्तर त्याच्यासाठी हिंदीत लिहायचा. घोडं पाच वर्षांचं आहे, तांबड्या रंगाचं आहे, ओझ्याला आणि गाडीला दोन्हीला चालतं, असं उत्तर आलं. भाव झेपण्यासारखा होता. तो स्वतः घोडं घेऊन नाशिकला येईल, पैसे घोडं बघून द्यावेत. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. ती मी वाचून दाखवली. "घोड्याच्या अंगावर एक भोवरा आहे, त्यामुळे इकडचे लोक घेत नाहीत. आपल्याला चालेल का ते आधीच कळवावे, उगाच इतक्या दूर यायला नको."

नवसाबाई चुलीपुढून म्हणाली, "कोणता भोवरा ते विचारा."

"नाय," झुंबरभाऊ म्हणाले.

"अवो, विचारायला काय जातं?"

"विचारलं म्हणजे बघितलंच की. मग इतकी वर्षं मी विहारात काय बोलत होतो?" ते माझ्याकडं वळले. "लिही रावसाहेब. आम्ही बुद्धाची माणसं. आम्ही भोवरे बघत नाही. घोडं घेऊन या."

मी तसं लिहिलं. मला ते वाक्य फार आवडलं होतं, म्हणून मी ते जरा मोठ्या अक्षरात लिहिलं. वस्तीतही ते पसरलं. झुंबरभाऊंनी नेपाळच्या माणसाला काय ठणकावून सांगितलं, असं लोक एकमेकांना सांगायचे. विहारात तर घोड्याचं नावसुद्धा ठरलं. सिद्धार्थाचा घोडा कंथक, तेच नाव ठेवायचं. झुंबरभाऊ एकदम म्हणाले, "ते नको. कंथक मालकाला सोडून एकटाच घरी आला आन् मेला. ते नाव नको." पण ज्या माणसाला भोवऱ्याचं काही वाटत नाही त्याला नावाचं का वाटावं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

घोडं यायला फार दिवस लागले. नरबहादूरनं ते सरहद्दीवरच्या सोनौलीच्या नाक्यावरून चालवत आणलं होतं. पुढं आगगाडीच्या डब्यात घातलं, पण तिकडं छोटे रूळ, मध्ये मोठ्या रुळांवर डबा बदलायचा, आणि मालगाडीचा डबा कुठं काढून ठेवतील याचा नेम नसतो. निघाल्याचं पत्र आलं आणि नंतर काहीच नाही. झुंबरभाऊ रोज मालधक्क्यावर जायचे. प्रत्येक मालगाडीच्या कडेनं शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचे, आणि डब्यांना कान लावायचे. तिथले हमाल त्यांना हसायचे. "झुंबरभाऊ, या डब्यात सिमेंट हे. कान लावून काय, पाणी घालून बघा!" घरी आले की जेवताना उठून दारापर्यंत जाऊन यायचे. नवसाबाई म्हणायची, "ताट तरी घेऊन फिरा."

एका दुपारी घोडं आलं. मी तेव्हा घरीच होतो, हाक ऐकून धावलो. डब्याचं दार सरकलं आणि पेंढ्यातून एक बुटका माणूस खाली उतरला. डोक्यावर टोपी, अंगावर फाटका कोट. मागून त्यानं घोडं उतरवलं. लहानसं, रुंद छातीचं, तांबडं. इतक्या दिवसांच्या प्रवासानंतरही डोळे पाणीदार. हमालसुद्धा "वा!" म्हणाले. झुंबरभाऊ पुढं झाले. त्यांनी डाव्या बाजूनं मान थोपटली, पाय उचलून खूर पाहिले, दात पाहिले. चेहरा खुलला होता. मग ते घोड्याच्या पुढून वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि थांबले.

मी त्यांच्या मागंच होतो. उजव्या डोळ्याखाली, दोन बोटांवर, केसांचा भोवरा होता. रुपयाएवढा. मला त्यातलं काही कळत नाही, पण तोही मला दिसला.

नरबहादूर त्यांच्याकडं बघत उभा होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "चिठ्ठी में लिखा था, साब."

"हाँ," झुंबरभाऊ म्हणाले. "लिखा था." आणि त्यांनी पैसे काढून दिले. तिथंच, सगळ्यांसमोर.

नरबहादूर तीन-चार दिवस वस्तीत राहिला. विहारात येऊन मांडी घालून बसला. नवसाबाईची भाकरी त्याला फार आवडली. त्यानंच नवसाबाईला शिकवलं की घोड्याच्या कानात हळू बोललं की ते मान खाली घालतं. नाव काय ठेवायचं यावर अजून एकमत नव्हतं. नवसाबाई म्हणाली, "पाहुणा आलाय, पाहुणा म्हणा." तेच नाव राहिलं.

जायच्या दिवशी आम्ही त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. टांग्याला पाहुणाच जुंपला होता. नरबहादूर घोड्याच्या मानेला मिठी मारून हमसून हमसून रडला. एवढा मोठा माणूस, अड्ड्यावर सगळ्यांसमोर. गोरक्ष टांगेवाला दोन पावलं मागं सरला. त्याची नजर घोड्याच्या डोळ्याखाली गेली होती.

"झुंबर," तो म्हणाला, "हे आसूढाळ हाय. बघ, सुरुवात झाली."

"तो घोडं सोडून चाललाय म्हणून रडतोय," झुंबरभाऊ म्हणाले.

"रडतोय ना? मग!"

दुसऱ्या दिवशीपासून अड्ड्यावर पाहुण्याच्या शेजारी कोणी टांगा लावेना. रांगेत झुंबरभाऊंच्या पुढं एका टांग्याची जागा रिकामी आणि मागं एक. गिऱ्हाइकांना याचं काही नव्हतं. बाहेरगावच्या माणसाला भोवरा काय कळणार. उलट लहानसं, तरतरीत घोडं म्हणून लोक त्याच टांग्यात बसायचे. धंदा चांगला चालला. पण ती रिकामी जागा रोज होती, आणि झुंबरभाऊ त्या जागेत फेऱ्या मारत राहायचे.

मग मला एक गोष्ट दिसायला लागली. टांग्याच्या घोड्याला डोळ्यांच्या बाजूनं चामड्याची झापडं लावतात, आजूबाजूच्या गाड्यांना बुजू नये म्हणून. झुंबरभाऊंनी पाहुण्यासाठी नवी झापडं करून घेतली. नेहमीपेक्षा मोठी, गालापर्यंत येणारी. आणि संध्याकाळी घोडं घरी बांधल्यावरही ती काढायचे नाहीत. दाणा-चंदीचा तोबरा तोंडाला, डोळ्यांवर झापडं. खरारा करायचे तोही डाव्या बाजूनं. उजवी बाजू नवसाबाई करायची. एके दिवशी ती खरारा हातात घेऊन उभी राहिली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरात पण झापडं? घोड्याला लावलीत का स्वतःला?"

झुंबरभाऊ बाहेर निघून गेले.

त्या दिवसांत त्यांची एकुलती मुलगी यशोधरा बाळंतपणाला घरी आली होती. पहिलंच. झुंबरभाऊंचं सगळं लक्ष तिच्याकडं लागलं. ती शिंकली तरी विचारायचे, "काय झालं?" पायरी उतरताना हात धरायला जायचे. अड्ड्यावरून एक फेरी करून मध्येच घरी येऊन बघून जायचे. मला कचेरीतून येताना गाठून विचारायचे, "रावसाहेब, तुझ्या घरी सगळं बरं ना?" मी हो म्हणायचो. "तुझ्या गावाकडं?" तेही बरं. मग हलके झाल्यासारखे वाटायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते माझी खुशाली विचारत नव्हते. घोडं आल्यापासून आसपास कुठं कोणी रडलं तर नाही ना, हे ते विचारत होते. मला ते कळत होतं, पण मी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांना ते कबूल करावं लागलं असतं.

गोरक्ष माणूस वाईट नव्हता. तो एकदा मुद्दाम वस्तीत आला. म्हणाला, "झुंबर, मी तुझ्या श्रद्धेला काय म्हणत नाय. पण पोरगी पोटुशी हाय. सिन्नरच्या बँडवाल्याला दे घोडं, त्याला वरातीला पायजे. नायतर डाग दे. भोवराच जाळला की काम झालं. लोक देतात."

"मी भोवरे मानत नाय."

"मानू नको ना. न मानता दे डाग."

हे वाक्य झुंबरभाऊंच्या डोक्यात राहिलं असावं. पुढच्या रविवारी ते मला म्हणाले, "चल रावसाहेब, नाल मारून आणू." आम्ही शब्बीरचाचा नालबंदाकडं गेलो. पाहुण्याचे नाल तर चांगले होते. चाचांनी चारही पाय बघितले आणि म्हणाले, "इसे क्या हुआ? नाल तो ठीक है." झुंबरभाऊंनी इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच सांगितलं.

चाचांनी झापड उचलून भोवरा पाहिला. "दे दूँगा डाग. मगर एक बात. भोवरा जाएगा, निशान रहेगा. मग लोक विचारतील, इथं काय होतं? काय सांगणार?"

"ते माझं मी बघतो."

चाचांनी सळई भट्टीत घातली. ती तापेपर्यंत झुंबरभाऊंनी झापडं सोडली. ते पहिल्यांदाच त्या बाजूला इतके जवळ उभे होते. पाहुण्यानं एकदम उजेड आल्यावर डोळे मिचकावले आणि त्यांच्याकडं पाहिलं. झुंबरभाऊंनी डोळे मिटले. मग त्यांचं बोट गालावरून सरकत डोळ्याखाली गेलं आणि त्या भोवऱ्यावरून गोल फिरलं. वडिलांनी शिकवलं होतं तसं. सळई लाल झाली होती. चाचा म्हणाले, "मुँह पकडो." झुंबरभाऊंनी घोड्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या भागुबाई धापा टाकत आल्या. "भाऊ, चला! यशोला कळा लागल्या. सुईण म्हणती मूल आडवं हाय, नाशकात मोठ्या दवाखान्यात न्या म्हणती."

झुंबरभाऊंनी घोड्याचं तोंड सोडलं. आम्ही घोडं घेऊन पळतच घरी आलो. दारात गोरक्षचा टांगा उभा होता. तो बातमी ऐकून आधीच आला होता. त्यानं आत गादी घालून ठेवली होती.

"पोरीला माझ्या गाडीत घे," तो म्हणाला. "झुंबर, आज तरी ऐक. या घोड्यामागं तिला बसवू नको."

झुंबरभाऊ अंगणात उभे राहिले. एका हातात पाहुण्याचा लगाम, दुसऱ्या हातात झापडं. समोर गोरक्षचा टांगा तयार. त्यांनी गोरक्षकडं बघितलं, घोड्याकडं बघितलं. आख्खी वस्ती जमली होती. यांच्या तोंडून काय निघतं ते सगळे बघत होते. आतून यशोधराचं कण्हणं ऐकू येत होतं. मला वाटलं, ते गोरक्षला हो म्हणणार. म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

नवसाबाई मुलीला धरून दारात आली. तिनं दोन्ही टांगे बघितले. म्हणाली, "यशोच्या बा, नुसते उभे काय राहिलात? बोला!"

यशोधराच बोलली. दाराची चौकट धरून, घाम पुसत. "बा, पाहुण्याला जुंप. मी दुसऱ्याच्या गाडीत नाय बसायची."

नवसाबाईनं पुढं होऊन त्यांच्या हातातली झापडं काढून घेतली आणि घरात भिरकावली. झुंबरभाऊंनी घोडं जुंपलं.

रविवारची दुपार, पुणे रस्त्यावर ट्रकांची रांग. मी पुढं बसलो होतो, मागं मायलेकी. पाहुण्याला झापडांची सवय झाली होती. आता त्याला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि तो प्रत्येक हॉर्नला कान टवकारून अंग चोरत होता. उपनगर नाक्याच्या पुढं एक ट्रक अगदी घासून गेला. घोडं आडवं झालं, टांगा कलला, यशोधरा ओरडली. झुंबरभाऊंनी लगाम माझ्या हातात दिला आणि खाली उडी मारली. मला लगाम धरता येत नाही, पण ते सांगायला वेळ नव्हता. ते घोड्याच्या उजव्या बाजूला गेले, रस्त्याच्या अंगाला. त्यांनी उजव्या गालावर हात ठेवला, डोळ्याच्या खाली, आणि कानात काहीतरी बोलत चालायला लागले. घोडं शांत झालं. तिथून द्वारका चौकापर्यंत, आणि पुढं दवाखान्यापर्यंत ते तसेच, अर्धे चालत अर्धे पळत गेले. साठीच्या जवळ आलेला माणूस. तळहात त्या भोवऱ्यावरून एकदाही काढला नाही.

दवाखान्यात यशोधराला आत नेलं. आम्ही बाहेर. नवसाबाई भिंतीला टेकून बसली. झुंबरभाऊ त्या लांब व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बाकावर बसलो होतो, पण माझेही पाय हलत होते. दिवस कलायला लागला. मग आत धावपळ झाली. एक नर्स बाहेर येऊन पुन्हा आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं.

"झालं का?" नवसाबाईनं विचारलं.

"झालं," आतून कोणीतरी म्हणालं. "मुलगी आहे. थांबा."

आम्ही थांबलो. आतून काहीच आवाज नाही. झुंबरभाऊ दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांना मी तेवढ्या वेळात प्रथमच एका जागी उभं राहिलेलं पाहिलं.

"रडंना का ती?" ते म्हणाले. "नवसे, पोर रडंना का?"

नवसाबाई उठून त्यांच्याजवळ आली. आत थपाथप आवाज येत होता, कोणीतरी मुलीच्या पायांवर चापट्या मारत होतं. झुंबरभाऊंनी दाराची कडी घट्ट धरली होती. "रड," ते म्हणाले, अगदी हळू. "रड ना गं. रड बये."

आणि ती रडली. आधी बारीक, मांजरीसारखी, मग असं टाहो फोडून की व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले. झुंबरभाऊ तिथंच जमिनीवर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून. नवसाबाई हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्या दिवसानंतर पाहुण्याला मोठी झापडं नव्हती. गर्दीच्या रस्त्याला साधी, आखूड लावायचे, घरी आल्यावर सगळं मोकळं. शब्बीरचाचांनी एकदोनदा विचारलं, "कब आते हो?" झुंबरभाऊ म्हणाले, "नाल झिजले की येतो."

ही गोष्ट इथं संपवली असती तर मला सोपं गेलं असतं. वाचणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. पण पुढचं सोडलं तर ते खोटं होईल. ब्याऐंशी साली नवसाबाईला कावीळ झाली आणि ती गेली. आजार ओळखायलाच उशीर झाला. दवाखान्यात नेलं ते याच टांग्यातून. आणलं तेही.

मयतीला सगळा अड्डा आला होता. लोक उघड काही बोलले नाहीत, पण अंगणात बांधलेल्या घोड्याकडं सगळे एकदा तरी बघत होते. मीही बघितलं. कार्य झाल्यावर झुंबरभाऊंनी दार लावून घेतलं. रात्रंदिवस आत चालण्याचा आवाज यायचा. मला भीती वाटत होती, आता हा माणूस घोडं विकणार. आणि विकलं की विहारातलं त्यांचं ते वाक्य, मी मोठ्या अक्षरात लिहिलेलं ते उत्तर, सगळं गेलं. बायको गेलेल्या माणसाबद्दल मी असा विचार करत होतो. पण मला वाटतं वस्तीतले सगळेच तो करत होते.

एका सकाळी त्यांनी दार उघडलं, पाहुण्याला दोन्ही बाजूंनी खरारा केला, टांगा जुंपला आणि अड्ड्यावर गेले. मी कचेरीला त्यांच्याच टांग्यातून निघालो होतो. रांगेत नेहमीप्रमाणं त्यांच्या पुढची-मागची जागा रिकामी होती. गोरक्ष आला. दोन पावलांवर थांबला. मग म्हणाला, "झुंबर, वहिनी गेल्या. आता तरी वीक हे घोडं."

झुंबरभाऊ पट्टा ओढून बघत होते. त्यांनी वर बघितलं.

"कोणाला विकू गोरक्ष? ज्याची बायको जिती हाय त्याला?"

मला त्याचा अर्थ नीट लागला नाही, आजही लागत नाही. भोवरा खरा मानणारा माणूस असं बोलेल, आणि न मानणारासुद्धा असंच बोलेल. मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही.

गोरक्ष आपल्या टांग्याकडं गेला. घोड्याचा लगाम धरून त्यानं तो मागं घेतला, वळवला आणि पाहुण्याच्या शेजारी त्या रिकाम्या जागेत आणून लावला. मग तो गादीवर चढून बसला आणि म्हणाला, "आता तरी बस की गड्या."

झुंबरभाऊ बसले नाहीत. चाकाच्या आऱ्यावर एक पाय ठेवून उभे राहिले, आणि तो पाय हलवत राहिले.